लढाई सीमेवर, कोठार शिवारात
(शेतकी विभागाकडून : ऊस विकास अधिकारी)



२०२५ च्या मे महिन्यात सीमेवर चार दिवस तोफा आणि विमाने चालली, तेव्हाची गोष्ट. त्या आठवड्यात मी तलवाडा गटात खोडवा पाहणीसाठी फिरत होतो. दुपारी देवीच्या देवळाजवळ पाच-सहा सभासद बसले होते. बोलणे अर्थातच लढाईचे. त्यांतल्या एकाने गेवराईहून गव्हाची दोन पोती आणि तेलाचे चार डबे आणून टाकले होते. मी म्हटले, "अहो काका, तुमची पंधरा एकर बागायत. तुम्ही गहू विकत आणता?" ते म्हणाले, "साहेब, सगळ्या रानात ऊस हाय. घरी खायला ज्वारी बी इकतच घेतो आता." दुसरे एक जण म्हणाले, "लढाईशी आपला काय संबंध? ती फौजेनं करायची. आपण ऊस लावायचा अन् बिलाची वाट बघायची."

सगळे हसले, मीही हसलो. पण परत येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या देशातली निम्मी-अर्धी माणसे शेतीवर जगतात, त्या देशावर लढाई आली तर त्याची शक्ती कशात असते? बंदुकीत, पैशात, की आणखी कशात? हा प्रश्न आपल्या बांधापर्यंत कसा येतो, ते या लेखात पाहू.

युद्धाची साधने म्हणजे काय

शाळेच्या पुस्तकात देशाची साधनसंपत्ती म्हणून खाणी, जंगले, कारखाने अशी यादी असते. लढाईच्या वेळी ही यादी वेगळ्या क्रमाने वाचावी लागते. पहिले साधन माणूस. दुसरे, त्या माणसाला आणि त्याच्या घरादाराला लागणारे धान्य. तिसरे, ते धान्य पिकवणारे पाणी आणि जमीन. चौथे वाहतूक, म्हणजे बैल, गाडी, रेल्वे, इंधन. आणि सगळ्यांत शेवटी पैसा. पैसा शेवटी का, असे कोणी विचारील. सरकार पैसा छापू शकते, कर्ज काढू शकते. ज्वारीचे कणीस मात्र छापता येत नाही. त्याला चार महिने आणि पाऊस लागतो.

ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. आपल्या देशाने याची किंमत मोजलेली आहे.

दुसरे महायुद्ध : नोटा वाढल्या, दाणे नाहीत

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि इंग्रजांनी हिंदुस्थानला न विचारताच त्यात ओढले. युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख हिंदी सैनिक फौजेत होते. बहुतेक सगळी शेतकऱ्यांची पोरे. फौजेसाठी धान्य, कापड, कातडी, लाकूड अशी जोरात खरेदी सुरू झाली. इंग्लंडच्या वाट्याच्या खर्चाचे पैसे आपल्याला रोख मिळत नसत. लंडनला आपल्या नावावर जमा धरले जात. युद्ध संपताना ही जमा दीड हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. कागदावर आपण सावकार झालो. इथे मात्र त्या जमेच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. चलनातल्या नोटा १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या होत्या, त्या युद्ध संपेपर्यंत १,१०० कोटींच्या पुढे गेल्या. चांदी वाचवायला १९४० साली एक रुपयाची कागदी नोट पुन्हा निघाली आणि रुपयाच्या नाण्यातली चांदी निम्म्यावर आली. नोटा सहापट झाल्या, शिवार होते तेवढेच राहिले. भाव चढणारच.

१९४२ च्या मार्चमध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगालच्या किनाऱ्याला मोठे वादळ आले. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याजवळचा तांदूळ उचलला, होड्या काढून घेतल्या. प्रांतांनी एकमेकांना धान्य द्यायचे थांबवले. साठेबाजांनी कोठारे कुलूपबंद केली. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात सरकारी चौकशीप्रमाणे १५ लाख, तर नंतरच्या अंदाजांप्रमाणे ३० लाखांपर्यंत माणसे गेली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले की १९४३ मध्ये बंगालात धान्य १९४१ पेक्षा काही कमी नव्हते. मेले ते शेतमजूर, कोळी, गावातले कारागीर. त्यांची मजुरी तांदळाच्या भावामागे धावू शकली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. तिथे टंचाई होती, रांगा होत्या, पण माणूस रस्त्यावर भुकेने पडला नाही. धडा दुहेरी आहे. धान्य हवे, आणि ते गरिबाच्या ताटापर्यंत पोचवणारी व्यवस्थाही हवी.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. चलन हाली शिक्क्याचे. तिथेही धान्याची लेव्ही आली. माझे आजोबा सांगत, लेव्हीच्या माणसाची चाहूल लागली की ज्याच्याकडे जमीन मोठी आणि ओळख मोठी, त्याचे पेव मातीखाली झाकलेले राही, आणि गरिबाच्या घरातली कणगी मोजली जाई. लढाईच्या काळात भार सारखा वाटला गेला नाही की लोकांचे मन सरकारवरून उडते. हेही साधनच आहे, विश्वासाचे.

१९६५ : आघाडीवर जवान, गोदीवर गहू

स्वातंत्र्य आले तरी पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. १९५६ पासून अमेरिकेचा गहू पी. एल. ४८० या करारानुसार येऊ लागला. त्याचे पैसे रुपयांत द्यायचे, म्हणून तो सोयीचा वाटे. पण बाहेरच्या धान्यावर शिजणारी चूल दुसऱ्याच्या हातात असते.

१९६२ साली चीनने आक्रमण केले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. संरक्षणाचा खर्च पुढच्या वर्षा-दोन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आसपास गेला. तो पैसा कुठून तरी कमी होणारच होता.

मग १९६५. ऑगस्ट-सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८.९ कोटी टन धान्य पिकले होते, ते १९६५-६६ मध्ये ७.२ कोटी टनांवर आले. अमेरिकेने लष्करी मदत थांबवली आणि गव्हाचे लांब मुदतीचे करार सोडून थोडा थोडा गहू सोडायला सुरुवात केली. म्हणजे जहाज निघेल की नाही, हे तिकडे ठरणार. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले आणि 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली. आपण ती सभेच्या शेवटी म्हणतो. ती उगीच सुचलेली नव्हती. जवानाची पाठ किसानाच्या भिंतीला टेकलेली असते, हे त्या वर्षी उघड दिसले होते.

त्याच सुमारास सरकारने सोने मागितले, राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोखे काढले. आपल्याकडची जुनी माणसे अजून सांगतात की निजामाने पाच टन सोने दान दिले. माहितीच्या अधिकारात पुढे आलेली हकिकत अशी की, ते सोने ४२५ किलो होते आणि दान नव्हे, तर रोख्यांत गुंतवलेले होते. तेही लहान नव्हे. सोन्याने परदेशातून बंदुका आणता येतात. पण गहू विकणाराच अडून बसला, तर सोने घेऊन काय करायचे?

१९६६ साली एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. जूनमध्ये रुपयाची किंमत उतरवली गेली, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला.

सहा वर्षांत काय बदलले

आता १९७१ पाहा. बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले. त्यांना जेवू घालायचे, आणि वर डिसेंबरात लढाई. अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात आले. तरीही देश डगमगला नाही. कारण १९७०-७१ मध्ये धान्य १०.८ कोटी टनांवर पोचले होते. अन्न महामंडळ १९६५ सालीच स्थापन झाले होते. १९६६ मध्ये मेक्सिकन गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणले गेले होते. आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईकांनी अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेसाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावली, आणि सी.एस.एच.-१ ही १९६४ सालची संकरित ज्वारी शिवारात शिरली. देश तोच आणि सैनिकही त्याच घरांतले. मधल्या सहा वर्षांत फरक पडला तो शेतात.

पण कोठार एकदा भरले म्हणजे कायमचे भरले असे नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच मराठवाड्यातल्या लोकांनी खडी फोडली आणि परदेशातली लाल मिलो खाल्ली. वडीलधाऱ्यांना तिची चव अजून आठवते.

जायकवाडीची पायाभरणी

आता आपल्या घरची गोष्ट. युद्धबंदी झाली १९६५ च्या २३ सप्टेंबरला. त्यानंतर २५ दिवसांनी, १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, शास्त्रीजींनी पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. देशात पैसा नाही, धान्य नाही, सीमेवर फौज अजून समोरासमोर उभी, आणि पंतप्रधान मराठवाड्यात धरणाचा दगड बसवायला येतात. सरळ विचार करणारा म्हणेल की आधी रणगाडे घ्या, धरण मग पाहू. पण पुढच्या संकटाची तयारी आजच करावी लागते हे त्या माणसाला कळत होते. तीन महिन्यांच्या आत, ११ जानेवारी १९६६ ला, ताश्कंदला त्यांचे निधन झाले. धरणाचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. लढाई काही आठवड्यांची होती, धरणाला दहा वर्षे लागली. म्हणून म्हणतो, युद्धाची साधने युद्धात तयार होत नाहीत. ती शांततेच्या काळात साठवावी लागतात.

उजव्या कालव्याचे पाणी आपल्या गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे जाते. आखणीच्या वेळी या प्रकल्पात भर होता ज्वारी, गहू, कापूस, भुईमूग यांवर. उसाला थोडाच वाटा धरला होता. पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतो. उसाला हमीचा भाव आणि कारखान्याचा आधार मिळाला, आणि पाणी उसाकडे वळले. यात शेतकऱ्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्या पिकाला गिऱ्हाईक ठरलेले, ते पीक माणूस घेणारच. पण त्याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

साखर आणि मळी हीसुद्धा युद्धसाहित्य

कोणी म्हणेल, मग ऊस हे देशाच्या कामाचे पीक नाही का? आहे, आणि चांगलेच आहे. युरोपचे उदाहरण घ्या. १८०६ नंतर इंग्लंड आणि फ्रान्सचा सागरी व्यापार एकमेकांनी अडवला. वेस्ट इंडीजची उसाची साखर फ्रान्सला मिळेना. बीटाच्या कंदात साखर असते हे मार्गग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ सालीच दाखवले होते. नेपोलियनने १८११ मध्ये ३२ हजार हेक्टरवर बीट लावायचा हुकूम काढला. युरोपात आज बीटाची जी साखर होते, तिचा मोठा विस्तार त्या नाकेबंदीतून झाला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा आपल्याकडे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मळीपासून इंधनाचा अल्कोहोल काढण्याला तेव्हा जोर आला आणि १९४८ साली त्यासाठी पॉवर अल्कोहोलचा कायदाही झाला. आज ज्याला आपण इथेनॉल म्हणतो, ते तेच. २०२२ च्या जूनमध्ये देशात पेट्रोलमधले मिश्रण १० टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते, आणि तिच्यापासून दहा-अकरा लिटर अल्कोहोल. म्हणजे तुमच्या मोळीत साखर आहे, भुश्शात वीज आहे आणि मळीत इंधन आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. कमी पावसामुळे साखरेची काळजी वाटली, तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणले. २०२२ मध्ये युक्रेनच्या लढाईने जगात धान्याचे भाव भडकले. मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबली आणि जूनपासून साखरेच्या निर्यातीवर मर्यादा आली. अडचण आली की सरकार आधी ताट पाहते, मग बाकीचे. हे नवे नाही. ज्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आपला धंदा चालत आला, तो १९५५ चा कायदा महायुद्धातल्या नियंत्रण हुकुमांचाच वारस. १४ दिवसांत बिल देण्याची जी अट आपण हक्काने सांगतो, ती त्याच कायद्याखालच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली.

युक्रेनच्या लढाईची झळ आपल्या बांधावर खताच्या रूपाने आली. पोटॅश आपल्या देशात जवळपास सगळे बाहेरून येते. हजाराच्या आसपासचे पोते त्या वर्षी सतराशेला घेतलेले तुम्हाला आठवत असेल. हजारो कोसांवरच्या लढाईचा कर तलवाड्याच्या शेतकऱ्याने भरला. म्हणून कंपोस्ट, प्रेसमड, हिरवळीचे खत, आसवनीच्या सांडपाण्याच्या राखेतले पोटॅश यांकडे स्वस्तातली सोय म्हणून पाहू नका. ते आपल्या हातातले कोठार आहे.

पाच एकरांचा हिशेब

आता मुद्द्यावर येतो. मी ऊस विकास अधिकारी. ऊस लावू नका असे सांगितले तर कारखाना मला घरी बसवील, आणि ते बरोबरच होईल. मी सांगतो ते एवढेच, की एकर वाढवू नका, एकरी टन वाढवा.

समजा एका सभासदाकडे पाच एकर ऊस आहे, सगळा मोकाट पाण्यावर, उतारा एकरी ३० टन. एकूण १५० टन. आता तोच सभासद तीन एकरांवर ठिबक टाकतो. माती तपासून खत देतो, बेणे निरोगी वापरतो, पाचट न जाळता सरीत ठेवतो, आणि एकरी ५० टनांवर जातो. एकूण १५० टनच. कारखान्याचे काही कमी झाले नाही, तुमचे बिलही कमी झाले नाही. पाण्याचे पाहा. सुरू उसाला मोकाट पद्धतीने हंगामात २०० ते २५० सेंटिमीटर पाणी लागते. ठिबकने त्यात ४० ते ५० टक्के बचत होते. पाच एकरांना आधी जेवढे पाणी जात होते, त्याच्या निम्म्याहून कितीतरी कमी पाण्यात हे तीन एकर भिजतात. उरलेल्या दोन एकरांवर रब्बी ज्वारी, हरभरा, गहू घ्या. एका एकर उसाच्या मोकाट पाण्यात पाच-सहा एकर रब्बी ज्वारी भिजते. घरचे वर्षाचे धान्य झाले, जनावरांना कडबा झाला, जमिनीला फेरपालट मिळाली. उसाच्या सरीत हरभरा किंवा भुईमुगाचे आंतरपीक घेतले तर पहिल्या चार महिन्यांचा खर्चही थोडा निघतो.

ठिबकला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. सगळ्या रानाला एकदम जमणार नाही. एका एकरापासून सुरुवात करा आणि दोन्हीकडचा उतारा वहीत लिहा. मग मी सांगायची गरज राहणार नाही.

आणखी एक. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर ऊसतोडीला जातात. माणूस हे पहिले साधन असे मी वर म्हटले. ते साधन आपणच गावात टिकवले नाही, तर नुसत्या पाण्याला आणि जमिनीला अर्थ नाही. दोन एकरांत ज्वारी-हरभरा आला, तर खुरपणी-काढणीचे काम गावातल्याच मजुराला मिळते. मजुरीत चार पायल्या ज्वारी मिळाली, तर भाव चढला तरी त्याची चूल पेटते. १९४३ च्या बंगालात मजुराकडे नेमकी हीच सोय नव्हती.

थोडक्यात

१) लढाईत पैसा लागतो, पण नोटेने पोट भरत नाही. धान्य, पाणी आणि माणूस ही खरी साधने.
२) ही साधने संकट आल्यावर जमवता येत नाहीत. १९६५ आणि १९७१ यांतला फरक मधल्या वर्षांत झालेल्या शेतीच्या कामाचा होता.
३) बाहेरच्या गव्हावर, तेलावर, खतावर जितके अवलंबून, तितका आपला दोर दुसऱ्याच्या हाती.
४) ऊस देशाच्या उपयोगाचा आहे. पण कमी पाण्यात जास्त टन काढून, उरलेल्या पाण्यावर धान्य घेणे हे सभासदाच्या फायद्याचे आणि देशाच्याही.
५) प्रत्येक सभासदाने निदान घरापुरते धान्य आपल्या रानात पिकवावे.

पंधरा एकरवाल्या त्या काकांकडे मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. गव्हाच्या एका पोत्याला सोंडे लागले होते. म्हणाले, "साहेब, औंदा खोडवा मोडल्यावर दोन एकरांत मालदांडी टाकतो." मी डायरीत लिहून घेतले आहे. पेरणी झाली की पाहायला जाणार आहे, आणि हुरड्यालाही.

ठिबक, माती परीक्षण आणि आंतरपिकांच्या माहितीसाठी सभासदांनी आपल्या गट कार्यालयात यावे, किंवा शिवार फेरीच्या दिवशी बांधावरच विचारावे.

जय जवान, जय किसान.